चावी वाडीत राहील

आबा, उजव्या हाताचं बँडेज काल निघालं. कातडी अजून नवी आणि गुलाबी आहे, पेन धरलं की ओढल्यासारखं होतं, तरी पहिलं काम म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. नावं कुणाचीच लिहीत नाही. तुम्हाला ती माहीत आहेत, आणि दुसरं कोणी हे वाचणार नाही. हात कसा भाजला ते आधी सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. दिवाळीच्या शंकरपाळ्या तळत होते. अबुधाबीत सगळं विकत मिळतं, पण माझा हट्ट तुम्हाला माहीत आहे, तो तुमच्याकडूनच आलाय. कढई कलंडली आणि तेल मनगटापर्यंत आलं. नवरा मुसाफ्फाला कामावर, लेक शाळेत. आमच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरापासून दोन गल्ल्या टाकून एक क्लिनिक आहे, तिथे हात ओल्या फडक्यात गुंडाळून एकटीच चालत गेले. नर्सनं बघितलं आणि हिंदीत म्हणाली, "इतना देर क्यों किया, मॅडम?" तिचा चेहरा आपल्याकडचा वाटला, पण इथे मी हल्ली कुणाला कुठली म्हणून विचारत नाही. विचारलं की महाराष्ट्र मंडळाच्या वर्गणीपर्यंत गाडी जाते.

ती जखम साफ करत असताना नानांचा फोन आला. तुमचे नाना, ज्यांच्याबरोबर तुम्ही एकाच पलटणीत होतात आणि जे तुमच्या पहिल्या निवडणुकीत अनवाणी गावोगाव फिरले होते. उजवा हात नर्सच्या ताब्यात, म्हणून डाव्या हातानं स्पीकर लावला. नानांना आता ऐकू कमी येतं, म्हणून ते ओरडूनच बोलतात. "बाय गं, ऐकू येतंय का? गावात पाण्याची नवी टाकी झाली. तिला साहेबांचं नाव द्यायचं ठरलंय! ग्रामसभेत मीच ठराव मांडला. सगळ्या माजी सैनिकांनी हात वर केले. सव्वीस जानेवारीला पाटीवरचा पडदा तू ओढायचास, दुसरं कोणी नाही." मी रडायला लागले, आबा. हात भाजला तेव्हा रडले नव्हते. "येते नाना, नक्की येते," एवढंच म्हणाले. फोन ठेवल्यावर नर्सला मोडक्या हिंदीत सांगायला लागले की मेरे पिताजी एमएलए थे, उनके नाम का टाकी बन रहा है. तिनं माझा हात सोडला नाही, मान वर केली नाही, आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "कुठली टाकी?"

मी गावाचं नाव सांगितलं. "तुम्ही मराठी?"

"मी वाडीची. तुमच्या टाकीच्या वर जी वाडी आहे ना, तिथली." मग पट्टी गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "टाकी खाली गावात आहे आणि मोटर वर आमच्या झऱ्यावर बसवलीय. उन्हाळ्यात आम्हाला टँकर येतो. आला तर." तिनं चिकटपट्टी दातानं नाही, कात्रीनं नीट कापली. "परवा या. ड्रेसिंग ओलं करू नका."

त्या दिवशी घरी येऊन मी पंख्याखाली नुसती बसून राहिले, आणि डोळ्यासमोर आपलं स्वयंपाकघर येत राहिलं. तुम्ही सुभेदार म्हणून निवृत्त झालात आणि दोन वर्षांत आमदार झालात, तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते. सुरुवातीला लोक पडवीत बसायचे. गावातले माजी सैनिक खुर्च्यांवर, मिशा पिळत, कुणाचं पेन्शन अडलेलं, कुणाच्या विधवा वहिनीला तालुक्यात फेऱ्या. आणि वरच्या वाडीतले कातकरी परसदारी, चुलीच्या धुरात, उकिडवे. ज्या जागेवर झोपडी आहे ती जागाच आपली नाही, उद्या मालकानं ऊठ म्हटलं तर कुठे जायचं, हे त्यांचं एकच गाऱ्हाणं. तुम्ही पडवीत 'बसा बसा' म्हणून दमलात, त्यातलं कोणी खुर्चीवर बसेना. मग एके दिवशी तुम्ही उठून आत आलात आणि आईला म्हणालात, उद्यापासून माझं ऑफिस इथे, स्वयंपाकघरात. आई म्हणाली, "चुलीपाशी?" तुम्ही म्हणालात, "स्वयंपाकघरात खुर्ची नसते. जो येईल तो जमिनीवर बसेल." तेव्हापासून हवालदार आणि कातकरीण एकाच चटईवर. आई भाकऱ्या थापायची आणि म्हणायची की लोक नुसतं म्हणतात लष्कराच्या भाकऱ्या भाजणं, मी खरोखरच भाजते आहे.

तिथेच तुम्ही मला एकदा बोललात. मी दारातून ओरडले होते, "आबा, वाडीवाले आलेत." तुम्ही कागद बाजूला ठेवलात. "नावं नाहीत का त्यांना? नाना आले की तू 'गाववाले आले' म्हणतेस का? बाहेर जा, नावं विचारून ये, मग सांग कोण आलंय." मी गेले, विचारून आले, आणि लाजेनं जीभ अडखळत एकेकाचं नाव सांगितलं. आलेल्या बायका हसल्या. त्यांतल्या एकीच्या कपाळावर हिरवं गोंदण होतं, ती सगळ्यांत जोरात हसली.

विधानसभेत बोलायचं भाषणही तुम्ही त्याच चटईवर घोकायचात. "सन्माननीय अध्यक्ष महोदय, देशाच्या सीमेवर प्राण पणाला लावणाऱ्या वीर जवानांच्या..." आणि आई परातीतून मान न उचलता म्हणायची, "अध्यक्षांना माहीत आहे सीमेवर काय लावतात ते. पेन्शनचं बोला." मग तुम्ही खोडायचात. कातकऱ्यांच्या घराखालच्या जागेचं भाषण तिनं इतकं खोडायला लावलं की शेवटी उरलं ते दोन मिनिटांचं. ते तुम्ही बोललात तेव्हा सभागृह शांत होतं, असं नाना सांगत. नाना प्रेक्षक गॅलरीत बसले होते, छातीवर सगळी पदकं लावून. तुम्ही सैनिकांचे होतात आणि वाडीचेही होतात, आणि या दोन्हींत काही भांडण असू शकतं हे त्या स्वयंपाकघरात बसून कुणाच्या मनातही आलं नसतं.

पण आलंच ते, पाण्यातून. गावाची तहान खरी होती हे मी विसरलेले नाही. नवरे पलटणीत, आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन ओढ्यापर्यंत, चढण चढून परत. तुम्ही दुसऱ्या वेळी निवडून आलात ते नळाच्या शब्दावर. वाडीजवळच्या झऱ्यावरून पाइप खाली आणला, तो पाइप खांद्यावरून वाडीच्याच लोकांनी वाहिला. गावात नळाला पाणी आलं त्या दिवशी नानांच्या बायकोनं नळाला हळदकुंकू वाहिलं. आणि पुढच्याच उन्हाळ्यात वाडीच्या बायका आपल्या घरी आल्या. हिरव्या गोंदणाची ती पुढे झाली, तिनं रिकामा हंडा आपल्या चुलीसमोर पालथा ठेवला आणि म्हणाली, "आबा, तुमच्या नळाला पानी चांगलं येतं."

तुम्ही तसेच उठलात, चप्पल घालून वर गेलात. परत आलात तेव्हा चेहरा असा होता की आईनं जेवायला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी देवळासमोर गाव गोळा केलंत. पाइपावरच्या व्हॉल्व्हची ती लांब लोखंडी चावी तुमच्या हातात होती. म्हणालात, "उद्यापासून ही चावी वाडीत राहील. वाडीचे हंडे भरले की वाडी खाली पाणी सोडेल." मी बारावीत होते, बायकांच्या घोळक्यात उभी होते, आणि मला आठवतंय की क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग नाना उठले. "साहेब, सीमेवर उभं राहिलो. आता पाण्यासाठी कातकऱ्याच्या दारात उभं राहायचं?" तुम्ही म्हणालात, "दारात नाही, रांगेत. रांगेत उभं राहायला फौजेनं शिकवलंय तुला." काही पोरं हसली. नाना हसले नाहीत. हसणं झालं तिथेच तुमची आमदारकी गेली, हे मला पुढे कळलं. पुढच्या निवडणुकीत नाना प्रचाराला घराबाहेर पडले नाहीत. आणि नाना नाहीत म्हटल्यावर सैनिकांचं एकही घर बाहेर पडलं नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आईनं सवयीनं परातभर पीठ मळलं. कोणीच आलं नाही. तुम्ही एकटे चटईवर बसलात आणि म्हणालात, "आज भाकरी गरम मिळाली." मी त्या वाक्यावर हसले नाही, चिडले. मला वाटलं, या माणसानं आमच्यासाठी काहीच राखलं नाही. आठवड्याभरात नव्या लोकांनी चावी वाडीतून खाली आणली. तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत. मग मी कॉलेजला गेले, तुमची ती आमदार असतानाची चामडी बॅग तुम्ही मला दिलीत, तीत मी पुस्तकं नेली. आज तीत आमचे पासपोर्ट असतात. पुढे लग्न, इकडे येणं, आणि मागोमाग तुमचं जाणं. तालुक्यात शाळेला, रस्त्याला, एसटी स्टँडच्या शेडलासुद्धा कुणाकुणाची नावं आहेत. तुमचं कुठेच नाही. सुट्टीत गावी गेले की मी गाडीतून पाट्या वाचत जाते. नवरा चिडवतो, "काय गं, मतदार यादी वाचतेस का?"

म्हणून तुम्हाला कळेल, नानांच्या त्या फोननं मला काय झालं असेल.

दुसऱ्या ड्रेसिंगला जाताना मी चकलीचा डबा घेऊन गेले. मनात होतं की सिस्टरला चावीची गोष्ट सांगायची. ही गोष्ट मी इथे फार वेळा सांगितली आहे, आबा. मंडळाच्या हळदीकुंकवात, शुक्रवारच्या जेवणावळीत, "आमच्या आबांनी एका चावीपायी आमदारकी घालवली" म्हटलं की लोक हसतात आणि मग हळूच 'पण ग्रेट हं' म्हणतात. मला दोन्ही आवडतं. लेक तीच गोष्ट तिच्या मैत्रिणींना सांगते, "माय ग्रँडफादर लॉस्ट ॲन इलेक्शन ओव्हर अ टॅप." तर मी सिस्टरला रंगवून सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "तुमच्या वाडीसाठी त्यांनी सगळं पणाला लावलं." मला वाटलं होतं तिचे डोळे भरून येतील. ती कापूस कचऱ्यात टाकत म्हणाली, "आमच्यासाठी? आम्हाला कुणी विचारलं?"

मग ती बोलत राहिली, हात चालूच. "चावी माझ्या आजीकडे दिली होती. तिच्या कपाळावर गोंदण आहे, तुम्ही बघितलं असेल. आबा चावी देऊन गेले आणि मुंबईला अधिवेशनात जाऊन बसले. तिकडे वाडीत रोज खालून माणसं यायची. एक माणूस तर पलटणीचा कोट घालून यायचा, झऱ्यापाशी उभा राहून शिव्या द्यायचा. आजी चावी उशाला घेऊन झोपायची. मग आबा पडले. पडले ते घरी बसले, त्यांना कोण काय करणार? त्या पावसाळ्यात आम्हाला भातलावणीला एका घरानं बोलावलं नाही. सगळी वाडी वीटभट्टीवर गेली. मीपण गेले, आईच्या पाठीवर. मान दिलात तुम्ही, मॅडम. राग आम्ही खाल्ला." चिकटपट्टी लावून झाली तरी तिनं हात सोडला नव्हता. "मी शिकले ती आश्रमशाळा पण तुमच्या आबांनीच मंजूर करून आणलेली. तेपण सांगते, नाहीतर म्हणाल एकच बाजू सांगते." चकलीचा डबा मात्र तिनं घेतला.

मला राग आला. तुमचा राग नाही, तिचा. कुठल्या गावाला जाऊन काय ऐकून घ्यायचं, असं झालं. पुढच्या ड्रेसिंगला मी मुद्दाम सकाळची वेळ घेतली, म्हणजे दुसरी नर्स असेल. गेले तर तीच. तिची ड्यूटी बदलली होती. माझ्याकडे बघून ती हसली, कारण मी का वेळ बदलली ते तिला कळलं होतं. मलाही हसू आलं आणि तिथे काहीतरी सैल झालं. मी म्हणाले, "सिस्टर, मी नानांना सांगते. चावी पुन्हा वाडीत जाईल, तरच आबांचं नाव टाकीला."

"परत चावी?" ती म्हणाली. "आधी आजीला विचारा ना." आणि ब्रेकमध्ये तिनं खरंच व्हिडिओ कॉल लावला. वाडीत कुणाच्या तरी फोनवर म्हातारी आली. गोंदण सुरकुत्यांत गेलंय, पण हसू तेच. "आबांची पोर का तू? जाडी झालीस गं." मी हो म्हणाले. चावीचं विचारलं. ती म्हणाली, "चावी नको बाय. चावी आली की राखन आली. कुनी येनार, वरडनार, आमी का रातभर जागायचं? आमाला वर, झऱ्यापाशी, आमची टाकी पायजे. ती भरली की उरलेलं पानी आपसूक खाली जाईल. आमी सोडायला नको, त्यांनी मागायला नको." मग, मी विचारलं नसताना म्हणाली, "आबा चांगला मानूस. त्याच्या घरात आमी लई बसलो. आमच्या घरात तो कंदी बसला नाही. पळतच आला, चावी दिली, पळतच गेला."

आबा, हे ऐकल्यापासून मला चैन नाही. तुम्ही सगळ्यांना चटईवर बसवलंत. पण ते स्वयंपाकघर आपलं होतं, चटई आपली होती, भाकरीसुद्धा आपली. आम्ही समजत होतो की यापेक्षा मोठा मान काय असणार. आणि जेव्हा चूक झाली तेव्हाही तुम्ही मानच देऊन ती भरून काढायला निघालात. चावी म्हणजे आपल्याकडे मान. सुनेच्या कमरेला चावी आली की घर तिचं झालं म्हणतात. तुम्हाला वाटलं असेल, वाडीच्या हातात चावी दिली म्हणजे गाव त्यांना नमून राहील. दोन तास त्या म्हातारीच्या दारात बसला असतात, तर तिनं तेव्हाच सांगितलं असतं की मान नको, टाकी द्या. मला तुमच्यावर राग यायला पाहिजे, पण येत नाही. वाईट वाटतं फक्त. तुम्ही हयात असतात तर आज बसला असतात, एवढं मी जाणते. ही जाणीव तुम्हाला कुणी वेळेत करून दिली नाही आणि आता ती माझ्याकडे आली आहे, तुमच्या बॅगेसारखी.

त्या संध्याकाळी जेवताना मी घरी सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "हे बघ, काढलेलं तिकीट दीड हजार दिरहॅमचं, म्हणजे पस्तीस हजार रुपये झाले. जायचं तर पडदा ओढून ये, भांडायला कशाला जातेस? तिथली माणसं, तिथलं पाणी. आपलं काय आहे आता तिथे?" लेक फोनमधून डोकं काढून म्हणाली, "बट मम्मा, इट्स आजोबाज नेम. यू गेट टू से नो, राइट?" मी दोघांनाही गप्प जेवा म्हणाले. इथे नळ सोडला की समुद्र गोड होऊन घरात येतो, आणि वीस वर्षांत मी एकदाही विचारलेलं नाही की तो कुठून येतो, कुणाच्या हातून येतो. लेकीला मी काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी नानांना फोन केला. ओट्याशी उभी राहून, डाव्या हातात फोन धरून. म्हणाले, "नाना, वाडीला वर वेगळी टाकी बांधा. ती आधी भरेल. मग मी येते आणि पडदा ओढते." मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा ओरडून सांगितलं. "ऐकलं गं," ते म्हणाले. "पण एस्टिमेट मंजूर होऊन काम झालंय. आता वर टाकी आणायची कुठून?"

"मग आबांचं नाव नको."

"नाव नको?" त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "पोरी, त्या नावासाठी मी किती जणांशी भांडलो तुला ठाऊक नाही. पाटी कोरून आलीय. माझ्या ओसरीवर ठेवलीय, रोज पुसतो. त्या निवडणुकीत मी साहेबांसाठी बाहेर पडलो नाही. तेव्हापासून जेवताना घास अडकतो कधी कधी. मरायच्या आधी तेवढं एक करून जायचं होतं."

हा माणूस झऱ्यापाशी कोट घालून उभा राहणारा तोच होता का, हेही विचारावंसं वाटलं, आणि विचारलं नाही. म्हणाले, "नाना, आबांचं नाव लावून वाडीचं पाणी तोडायचं?"

"तोडत नाही कुणी. टँकर आहे ना." मग सुस्कारा. "तू साहेबांचीच मुलगी. बरं. राहिलं नाव. पण एवढं लक्षात ठेव बाय, नाव नसलं म्हणून पाणी खाली यायचं थांबत नाही." आणि त्यांनी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला 'सुखी राहा' न म्हणता फोन ठेवला.

शेवटच्या ड्रेसिंगला सिस्टरला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुमची पाटी पण गेली आणि आमचं पाणी पण. तेलही गेलं, तूपही गेलं." आम्ही दोघी हसलो, पण ते हसू काही खरं नव्हतं. मग ती म्हणाली, "आजीनं वाडीतल्या सगळ्यांचे अंगठे घेऊन जिल्ह्याला अर्ज केलाय. तुम्ही तिकीट रद्द करू नका, ताई." मॅडमची ताई झाले ते तेव्हा. "सव्वीसला या. पण खाली नाही, वर या. भाषण नको, काही आणू नका. आजीकडे बसा. कुणी आलंच अर्ज बघायला, तर आमदाराची मुलगी आमच्या दारात बसलेली दिसू दे." मी येते म्हणाले. इन्शाल्ला पण म्हणाले, इथली सवय. तिनं बँडेज काढलं, नव्या कातडीवर बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, आता उन्हात जपा.

तर असं आहे, आबा. तुम्ही असतात तर विचारलं असतं की हे मी बरोबर केलं का. तुमच्या चुकीची भरपाई करायला गेले आणि नानांचा शेवटचा घास पुन्हा अडकवून बसले. वाडीला अजून थेंब वाढलेला नाही. तिकीट त्याच चामडी बॅगेत आहे, मी वर जाणार आहे, आणि बसणार आहे. हे सगळं तुम्हाला आवडेल, म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटलं.

पण एक गोष्ट उरली आहे, आणि ती लिहिली म्हणून हे पत्र तुमच्या फोटोमागेसुद्धा ठेवता येणार नाही. नानांनी त्या पहिल्या दिवशी पाटीचा फोटो पाठवला होता. काळा दगड, पांढरी अक्षरं, तुमचं पूर्ण नाव, आजोबांच्या नावासकट, आणि खाली 'सुभेदार व माजी आमदार'. तो मी अजून पुसलेला नाही. रोज सकाळी कुणी उठायच्या आत बघते, दोन बोटांनी मोठा करून. सव्वीस जानेवारीला अजून वेळ आहे. फोन वाजला की हातातलं टाकून धावते, नाना असतील. आणि खरं सांगू? नाना नुसतं एवढंच म्हणाले, "ये बाय, पाटी लावतो," तर वरच्या टाकीचं मी पुन्हा विचारीन की नाही, माझी मलाच खात्री नाही.